फिलाडेल्फिया ते अ‍ॅनापोलिस: अमेरिकेचं सरकार चालू असताना पाहण्याचे सात दिवस

वॉशिंग्टनला गेलेल्या बहुतेक मराठी पर्यटकांना तिथे दीड दिवस मिळतो. व्हाइट हाउसच्या कुंपणापाशी फोटो, कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, घुमटासमोर फोटो, एखादं संग्रहालय, की निघाले. इमारती बघून होतात. पण त्याच इमारतींत सभागृह भरलेलं असताना, न्यायाधीश वकिलांना अडवत असताना, समितीत विधेयकाच्या ओळी खोडल्या जात असताना बसता येतं, तेही फुकट. त्यासाठी फक्त वारांचा हिशेब नीट करायला लागतो.

या प्रवासाला फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. सुप्रीम कोर्टात तोंडी युक्तिवाद ऑक्टोबर ते एप्रिल एवढेच महिने चालतात. मेरीलँड राज्याची विधानसभा जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारपासून जेमतेम 90 दिवस भरते. या दोन्ही गोष्टी जुळतात तेव्हा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हीसुद्धा बहुधा कामात असते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी असते, तो आठवडा मात्र टाळावा. तेव्हा सदस्य आपापल्या मतदारसंघात गेलेले असतात. मार्चच्या शेवटी चेरीचा बहर सुरू झाला की हॉटेलांचे दर चढतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा धोक्याचा. सरकारी आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, आणि तोवर खर्चाची विधेयकं मंजूर झाली नसतील तर सरकारी खात्यांचं दार बंद होतं. 2025 मध्ये तसंच झालं आणि बंद 43 दिवस लांबला.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. मुंबईत मुख्यमंत्री विधानसभेत बहुमत दाखवतात आणि तेच मंत्रालयात जाऊन सही करतात. विधानसभेतला नेता आणि मंत्रालयातला नेता एकच. अमेरिकेच्या घटनेने हा रस्ताच बंद केला आहे. काँग्रेसच्या सदस्याला मंत्री व्हायचं तर सदस्यत्व सोडावं लागतं. राष्ट्राध्यक्षांना सभागृहात आसन नाही. अविश्वास ठराव नाही, मुदतपूर्व निवडणूक नाही. काम कुठे अडतं आणि तिथेच का अडतं, हे रोज पाहत गेलं की ही व्यवस्था कळते.

शनिवार: फिलाडेल्फिया

इंडिपेंडन्स हॉलच्या फेरीला मार्चपासून वेळ ठरलेलं तिकीट लागतं. तिकीट फुकट, नोंदणीचा एक डॉलर, आणि नोंदणी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. तिकिटावर लिहिलेली वेळ फेरी सुरू होण्याची असते. त्याआधी सुरक्षा तपासणीची रांग असते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचावं. उशीर झाला तर तिकीट वाया. लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेला तिकीट लागत नाही, तिथे फक्त रांग.

आतल्या सभादालनात 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि 1787 मध्ये घटनाही याच खोलीत लिहिली गेली. खोली लहान आहे, शाळेच्या दोन वर्गांएवढी. त्या उन्हाळ्यात चर्चा गुप्त राहावी म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवून 55 प्रतिनिधी आलटून-पालटून इथे बसले. मत राज्यागणिक एक. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नव्हतं. लहान राज्यांना समान मत हवं होतं, मोठ्यांना लोकसंख्येप्रमाणे. तोड निघाली 16 जुलैला, तीही पाच विरुद्ध चार राज्यांनी, मॅसॅच्युसेट्सची मतं आपसातच फुटलेली असताना. एका सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, लोकसंख्या मोजायची, दुसऱ्यात, म्हणजे सेनेटमध्ये, प्रत्येक राज्याला सारखेच सदस्य. आज कॅलिफोर्नियाच्या जवळपास 4 कोटी लोकांना दोन सेनेटर आणि वायोमिंगच्या 6 लाखांहून कमी लोकांनाही दोन, ते या तडजोडीमुळे. याच परिषदेने गुलाम माणसांची गणती पाच गुलाम म्हणजे तीन माणसं अशी केली. त्या आकड्याने दक्षिणेच्या राज्यांना मताचा हक्क नसलेल्या माणसांच्या डोक्यांवर जास्तीच्या जागा मिळाल्या. लोक ही बाजू ओलांडून पुढे जातात. जाऊ नये.

शेजारची काँग्रेस हॉल ही इमारत बहुतेक गट वगळतात, आणि ती चूक आहे. 1790 ते 1800 फिलाडेल्फिया राजधानी होती तेव्हा प्रतिनिधिगृह इथे तळमजल्यावर आणि सेनेट वरच्या मजल्यावर भरत असे. खाली साधी मांडणी, वर गालिचा आणि लाल खुर्च्या. दोन सभागृहांच्या स्वभावातला फरक फर्निचरवरूनच कळतो.

दुपारी दोन चौक उत्तरेला नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर. इथे तिकीट लागतं. एका दालनात घटना परिषदेच्या शेवटच्या दिवशी, 17 सप्टेंबर 1787 रोजी, हजर असलेल्या माणसांचे पूर्णाकृती ब्राँझ पुतळे जमिनीवरच उभे केले आहेत, त्यांच्यामधून चालता येतं. पुतळे 42, सह्या 39. सही न करणारे तिघे म्हणजे जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी. मेसन यांची मोठी तक्रार होती की नागरिकांच्या हक्कांची सनद यात नाही. ती चार वर्षांनी, 1791 मध्ये, पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांच्या रूपाने आली. गेरी यांचा पुतळा नीट पाहून ठेवावा. शुक्रवारी त्यांचं नाव पुन्हा येणार आहे.

रविवार: रेल्वे, वॉशिंग्टन, मूळ कागद

थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकची गाडी सुमारे दोन तासांत वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनला पोहोचते. तिकीट जितकं आधी काढावं तितकं स्वस्त. वाटेत डेलावेअरमधलं विल्मिंग्टन लागतं. फिलाडेल्फियात खरेदीवर 8 टक्के विक्रीकर, डेलावेअरमध्ये शून्य, पुढे मेरीलँडमध्ये 6 टक्के. किमतीच्या चिठ्ठीवर हा कर धरलेला नसतो, म्हणून गल्ल्यावर रक्कम वाढते. याच पट्ट्यात फाशीचा कायदाही बदलतो. पेन्सिल्वेनियाच्या कायद्यात ती अजून आहे, मेरीलँडने 2013 मध्ये रद्द केली. घटनेने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतात, असं दहावी घटनादुरुस्ती सांगते. फौजदारी कायदा, शाळा, लग्न, वाहन परवाना, निवडणुका भरवणं, हे सगळं मुळात राज्यांचं काम.

वॉशिंग्टनमध्ये पत्ता घेताना शेवटची दोन अक्षरं तपासावीत. शहराचे कॅपिटॉलपासून चार भाग केले आहेत आणि एकाच क्रमांकाची रस्त्यांची नावं चारही भागांत येतात. एनडब्ल्यूच्या (वायव्य) जागी एसई (आग्नेय) टाकलं तर टॅक्सी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेते.

नॅशनल आर्काइव्ह्जच्या गोल दालनात जाहीरनामा, घटना आणि हक्कांची सनद अशी मूळ चर्मपत्रं आहेत. प्रवेश फुकट. एक डॉलर भरून वेळ राखली तर रांग वाचते. फोटोला पूर्ण बंदी. घटना चार पानांत मावते. कलम एक काँग्रेसचं, ते सर्वांत लांब. दोन राष्ट्राध्यक्षांचं, तीन न्यायालयांचं, आणि पुढची चार राज्यांचे संबंध, दुरुस्ती वगैरेंची. सात कलमं आणि सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळात 27 दुरुस्त्या. आपल्या घटनेच्या शंभरावर दुरुस्त्या झाल्या, कारण आपल्याकडे बहुतेक दुरुस्त्या संसदेत पुरेशा मतांनी होतात. इथे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर 50 पैकी 38 राज्यांची मंजुरी लागते. काँग्रेस सदस्यांच्या पगाराबद्दलची 27 वी दुरुस्ती 1789 मध्ये मांडली आणि 1992 मध्ये मंजूर झाली.

संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचाव्यात. प्रतिनिधित्वाविना कर, अशी तक्रार त्यांवर छापलेली असते. राजधानी कोणत्याच राज्यात नाही. जवळपास 7 लाख लोक, पण सेनेटर एकही नाही. प्रतिनिधिगृहात एक सदस्य आहे, त्याला अंतिम मतदानात मत नाही. राष्ट्राध्यक्ष राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांनी निवडला जातो, त्यांतली तीन मतं शहराला मिळाली तीही 1961 च्या दुरुस्तीने. शहराने केलेला कायदा काँग्रेस उलटवू शकते. 2023 मध्ये इथल्या फौजदारी संहितेचं तेच झालं.

सोमवार: सुप्रीम कोर्ट

युक्तिवाद साधारण सोमवार, मंगळवार, बुधवार सकाळी 10 वाजता सुरू होतात. पण दोन आठवडे काम, मग दोन आठवडे खंड असा क्रम असतो, म्हणून कोर्टाच्या संकेतस्थळावरचं मासिक वेळापत्रक पाहूनच विमानाचं तिकीट काढावं. जागेसाठी दोन मार्ग आहेत. काही आठवडे आधी ऑनलाइन सोडतीत नाव घालायचं, किंवा त्या दिवशी पहाटे फर्स्ट स्ट्रीटच्या पदपथावर रांगेत उभं राहायचं. गाजलेल्या खटल्याला लोक आदल्या रात्रीपासून उभे असतात. कर किंवा दिवाळखोरीसारखा नीरस वाटणारा खटला निवडावा. जागा मिळण्याची शक्यता वाढते आणि युक्तिवादही बहुधा जास्त कसदार असतो. समोरच्या भव्य पायऱ्यांवरून आत सोडत नाहीत. दार पायऱ्यांच्या बाजूला, खालच्या पातळीवर आहे. फोन, बॅग, कोट, सगळं न्यायदालनाबाहेर ठेवावं लागतं.

नऊ न्यायमूर्ती ज्येष्ठतेच्या क्रमाने बसतात, मध्ये सरन्यायाधीश. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास. वकिलाला पहिली दोन मिनिटं अखंड बोलू देतात, मग प्रश्नांचा मारा सुरू होतो. समोरच्या डेस्कवर पांढरा दिवा लागला की पाच मिनिटं उरली, लाल लागला की संपलं. निकाल त्या दिवशी लागत नाही. मोठे निकाल बहुधा जूनमध्ये येतात.

कोर्टाकडे दरवर्षी हजारो अर्ज येतात. नऊपैकी चौघांनी होकार दिला तरच सुनावणी, आणि अशी प्रकरणं वर्षाला साधारण साठ-सत्तर. बाकीच्यांत खालचा निकाल कायम. आपल्याकडे दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय एकाच उतरंडीच्या माथ्यावर बसलेलं आहे. अमेरिकेत दोन उतरंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. केंद्राची 94 जिल्हा न्यायालयं आणि 13 अपील न्यायालयं एका बाजूला, प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालयं दुसऱ्या बाजूला. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार घटनेत शब्दांत लिहिलेला नाही. तो कोर्टाने 1803 च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात स्वतःच सांगितला.

नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सेनेट मंजूर करतं, आणि मग मुदत तहहयात. त्यामुळे एका राष्ट्राध्यक्षाच्या वाट्याला किती जागा येतील हे न्यायमूर्तींच्या मृत्यूवर आणि निवृत्तीवर ठरतं. 1977 ते 1981 च्या मुदतीत जिमी कार्टर यांना एकही नेमणूक करता आली नाही. या रचनेतला हा सर्वांत कच्चा दुवा वाटतो.

आपल्या घटनेशी या कोर्टाचा खरा संबंध आहे. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव 1947 मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना अमेरिकी घटनेतलं ‘ड्यू प्रोसेस’चं, म्हणजे न्याय्य प्रक्रियेचं, कलम घेऊ नका, असं सुचवलं. त्यातून निवडून आलेल्या कायदेमंडळावर न्यायाधीशांचा वरचष्मा होतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या अनुच्छेद 21 मधले ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द त्या विचारातून आले. पुढे 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या न्यायालयाने ती कार्यपद्धती न्याय्यही असली पाहिजे, असं ठरवून बरंचसं अंतर भरून काढलं.

मंगळवार: कॅपिटॉल

आजचा दिवस पूर्ण राखून ठेवावा. इथे लोकांचं सर्वांत जास्त चुकतं.

पहिली चूक: फेरी म्हणजे सभागृह, असा समज. दीड तासाच्या मोफत फेरीत घुमटाखालचं दालन, पुतळ्यांचं दालन, खालचं तळघर दिसतं. सभागृह फेरीत नाही. त्याच्या प्रेक्षक गॅलरीचा वेगळा पास लागतो. अमेरिकी नागरिक तो आपल्या सदस्याच्या कार्यालयातून घेतात. परदेशी पाहुण्यांनी पूर्वेकडच्या भूमिगत व्हिजिटर सेंटरच्या वरच्या मजल्यावर हाउस (प्रतिनिधिगृह) आणि सेनेटचे वेगवेगळे डेस्क असतात तिथे पासपोर्ट दाखवून घ्यायचा. पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही. दुसरी चूक: पाण्याची भरलेली बाटली आणि डबा. कोणताही द्रव पदार्थ आणि कोणतंही खाणं दारात टाकून द्यावं लागतं. बॅग 18 इंच रुंद, 14 इंच उंच आणि साडेआठ इंच जाड याहून मोठी नको. गॅलरीत शिरण्यापूर्वी फोन जमा करावा लागतो. तिसरी चूक वाराची. सदस्य सोमवारी संध्याकाळी येतात आणि गुरुवारी दुपारी विमान पकडतात. मंगळवार-बुधवारच भरवशाचे.

हाउसमध्ये 435 सदस्य, मुदत दोन वर्षं. गॅलरीत बसल्यावर आधी निराशा होते, कारण एक सदस्य रिकाम्या बाकांसमोर भाषण करत असतो. बाकीचे समित्यांत असतात. घंटा वाजली की मतदान सुरू होतं आणि दालन भरतं. किमान 15 मिनिटं, पुढची मतं पाच-पाच मिनिटांची. सदस्य कार्ड घालून बटण दाबतात आणि पत्रकार कक्षाच्या वरच्या भिंतीवर नावांपुढे हिरवे-लाल दिवे उमटतात. स्पीकरच्या बाजूला चांदीचा राजदंड असतो. तो हिरव्या संगमरवरी उंच खांबावर असेल तर सभागृह रीतसर भरलेलं आहे. खालच्या बैठकीवर असेल तर सगळं सभागृह समिती म्हणून बसलेलं आहे, म्हणजे दुरुस्त्यांवर चर्चा चालू आहे.

हिरवे-लाल दिवे पाहताना एका पक्षाच्या रांगेत दुसऱ्या रंगाचे दोन-चार दिवे दिसतातच. महाराष्ट्रात असं झालं तर पक्षादेश मोडला म्हणून आमदारकी जाण्याची नोटीस येईल. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आपल्याकडे आहे, इथे तसं काही नाही. त्यामागचं कारण तिकीटवाटपात आहे. पक्षाचा उमेदवार कोण हे श्रेष्ठी ठरवत नाहीत. प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाचे मतदारच ठरवतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या 13व्या मतदारसंघातून असेच आले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि ते 30 टक्क्यांहून कमी मतांवर जिंकले. मतदारसंघ त्या पक्षाचा हक्काचा असल्याने नोव्हेंबरची खरी लढत ऑगस्टमध्येच संपली होती. ज्याचं तिकीट पक्षनेत्याच्या हातात नाही त्याच्यावर नेत्याचा धाकही मर्यादित. आणि प्राथमिक फेरीला कमी लोक येतात, जे येतात ते जास्त कडवे असतात, म्हणून सदस्याला समोरच्या पक्षापेक्षा आपल्याच पक्षातल्या आव्हानाची भीती जास्त वाटते. इथल्या राजकारणातली बरीच गाठ या एका गोष्टीत आहे.

दुपारी सेनेट. 100 सदस्य, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवडणुकीला. 1913 पर्यंत त्यांना राज्यांच्या विधानसभा निवडत. इथे बटणं नाहीत. लिपिक नावं पुकारतो, सदस्य येऊन हात वर-खाली करून मत देतात. बराच वेळ लिपिक संथपणे एकेक नाव वाचत राहतो आणि काहीच घडत नाही. याला कोरम कॉल म्हणतात. गणपूर्ती मोजायची नसतेच, पडद्यामागे बोलणी चालू असताना घड्याळ थांबवण्याची ती युक्ती आहे. कुणीतरी उठून ती थांबवायची विनंती करतं आणि कामकाज पुन्हा सुरू होतं.

सेनेटमध्ये चर्चा संपवायलाच 60 मतं लागतात. 16 सदस्यांच्या सहीचा अर्ज, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा, मग मतदान, आणि 60 मिळाली तरी पुढे 30 तासांपर्यंत चर्चा. एका विधेयकात अशा दोन-तीन पायऱ्या आल्या की आठवडा संपतो. म्हणून 51 जागांचं बहुमत मिळूनही पक्ष कायदे करू शकत नाही. हा नियम घटनेत नाही, सेनेटने स्वतःच केलेला आहे. नेमणुकांसाठी तो 2013 आणि 2017 मध्ये मोडला गेला, त्यामुळे न्यायमूर्ती आता साध्या बहुमताने मंजूर होतात. अर्थसंकल्पाशी निगडित एका खास मार्गालाही साधं बहुमत पुरतं, आणि म्हणूनच करकपातीसारखी मोठी विधेयकं त्या मार्गाने नेतात. बरोबरी झाली तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत. एरवी त्यांच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बहुधा एखादे नवखे सेनेटर बसलेले दिसतात.

अंधार पडल्यावर घुमटाच्या टोकाकडे बघावं. तिथला दिवा लागलेला असेल तर दोनपैकी एक सभागृह अजून चालू आहे.

बुधवार: समित्या

आज पास लागत नाही. काँग्रेसच्या कार्यालयांच्या इमारतींत कामाच्या दिवशी कुणीही जाऊ शकतं, फक्त तपासणी यंत्रातून जावं लागतं. दक्षिणेला हाउसच्या कॅनन, लाँगवर्थ, रेबर्न. उत्तरेला सेनेटच्या रसेल, डर्कसन, हार्ट. खोलीच्या क्रमांकावरून इमारत ओळखता येते. हाउसच्या बाजूला तीन आकडी म्हणजे कॅनन, एकने सुरू होणारा चार आकडी म्हणजे लाँगवर्थ, दोनने सुरू होणारा म्हणजे रेबर्न. सेनेटकडे एसआर, एसडी, एसएच ही अक्षरं. दिवसाची यादी आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर पाहावी आणि सुनावणीच्या अर्धा तास आधी दाराशी असावं.

सुनावणी आणि मार्कअप यांत फरक आहे. सुनावणीत साक्षीदार बोलतात, प्रत्येक सदस्याला पाच मिनिटं, आणि बरेच जण ती कॅमेऱ्यासाठी वापरतात. मार्कअपमध्ये विधेयकाचा मसुदा ओळीओळीने दुरुस्त होतो. मिळाला तर मार्कअपच पाहावा. बहुतेक विधेयकं समितीत पोहोचून तिथेच मरतात, कारण अध्यक्षाने विषयपत्रिकेवर घेतलं नाही की पुढे काही होत नाही. त्यातून वाचलेलं विधेयक हाउसमध्ये रूल्स कमिटीकडे जातं. किती तास चर्चा आणि कोणत्या दुरुस्त्या मांडता येतील, हे ती ठरवते. मग दोन्ही सभागृहांत अक्षरशः एकच मजकूर मंजूर व्हावा लागतो.

पैशाचं आणखी वेगळं. एक कायदा कार्यक्रम सुरू करण्याची परवानगी देतो, दुसरा त्याला पैसा देतो. पैशाची 12 वार्षिक विधेयकं असतात आणि वेळेत बाराच्या बारा मंजूर होणं दुर्मीळ. मग तात्पुरती मुदतवाढ, आणि तीही हुकली तर सुरुवातीला सांगितलेला सरकारी खात्यांचा बंद.

गुरुवार: व्हाइट हाउसची बाजू

कॅपिटॉलपासून पेन्सिल्वेनिया अ‍ॅव्हेन्यूने चालत दोन किलोमीटर. व्हाइट हाउसच्या आतल्या फेरीचा भरवसा धरू नये. परदेशी नागरिकांनी आपल्या दूतावासामार्फत बरेच आठवडे आधी अर्ज करायचा असतो, आणि ज्या ईस्ट विंगमधून पाहुणे आत जात ती ऑक्टोबर 2025 मध्ये पाडली गेली. उत्तरेकडून लाफायेट चौकातून इमारत चांगली दिसते. 1450 पेन्सिल्वेनिया अ‍ॅव्हेन्यूवरचं व्हिजिटर सेंटर मोफत आहे, तास पुरतो.

विधेयक सहीसाठी आलं की राष्ट्राध्यक्षांकडे रविवार वगळून दहा दिवस. सही केली तर कायदा. परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनीच ते उलटवता येतं. काहीच केलं नाही तर काँग्रेस चालू असताना आपोआप कायदा होतो, आणि काँग्रेस उठून गेलेली असेल तर विधेयक संपतं.

आदेशांची मर्यादा समजायला आपल्याकडच्या असंख्य घरांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्यावं: एच-1बी व्हिसा. वर्षाला 65,000 आणि अमेरिकी उच्च पदवीधरांसाठी 20,000 ही मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. ती वाढवणं किंवा कमी करणं कोणत्याही राष्ट्राध्यक्षाच्या हातात नाही. ग्रीन कार्डातली एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादाही कायद्यातच आहे. सोडत कशी काढायची, कागद काय मागायचे, हे खातं नियमाने ठरवतं. असा नियम फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात मसुदा म्हणून छापावा लागतो, सूचना मागवाव्या लागतात, आणि त्या पाठवायला नागरिकत्व लागत नाही. तिसरा प्रकार थेट घोषणेचा. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरचं शुल्क एका घोषणेने लावलं आणि काही दिवसांतच त्यावर दावे दाखल झाले. बातमी वाचताना कायदा, नियम की घोषणा एवढं पाहिलं तरी ती किती टिकेल याचा अंदाज येतो.

शुक्रवार: अ‍ॅनापोलिस

मेरीलँडची राजधानी, वॉशिंग्टनच्या पूर्वेला सुमारे 50 किलोमीटर. रेल्वे नाही. कम्युटर बस कामाच्या दिवशीच, तीही नोकरदारांच्या वेळांना. चौघे असाल तर गाडी भाड्याने घ्यावी. स्टेट हाउसला, म्हणजे विधानसभेच्या इमारतीत, ओळखपत्र दाखवून प्रवेश मिळतो.

अजूनही विधानसभा भरते अशी देशातली ही सर्वांत जुनी राज्य विधानसभा इमारत. जुन्या सेनेट दालनात 23 डिसेंबर 1783 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरसेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसला दिला. जिंकलेला सेनापती मुलकी सभेपुढे उभा राहून अधिकार परत करतो, ती ही खोली.

मेरीलँडमध्ये 47 मतदारसंघ, प्रत्येकी एक सेनेटर आणि तीन डेलिगेट (खालच्या सभागृहाचे सदस्य), एकूण 188. 90 दिवसांत दोन हजारांहून अधिक विधेयकं येतात, म्हणून वेग वॉशिंग्टनच्या कितीतरी पट. राज्याच्या घटनेप्रमाणे अंदाजपत्रक तुटीचं चालत नाही. केंद्र कर्ज काढून चालवू शकतं, राज्याला ती मुभा नाही.

आता गेरी. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, असताना 1812 मध्ये त्यांनी आपल्या पक्षाला सोयीचा मतदारसंघांचा नकाशा मंजूर केला. एका मतदारसंघाचा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा, त्यावरून गेरीमँडर हा शब्द रूढ झाला. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर केंद्राच्या मतदारसंघांच्या रेषाही बहुतेक ठिकाणी राज्याची विधानसभाच आखते. आपल्यासारखा परिसीमन आयोग इथे सक्तीचा नाही. मेरीलँडच्या सहाव्या मतदारसंघाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यासोबत निकाल लागला: पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या रेषा केंद्रीय न्यायालयं तपासणार नाहीत. मग मार्च 2022 मध्ये मेरीलँडच्याच एका न्यायाधीशाने राज्याच्या घटनेखाली नवा नकाशा रद्द केला आणि विधानसभेला तो पुन्हा आखावा लागला. सोमवारच्या दोन उतरंडींचा हा प्रत्यक्ष दाखला.

निघताना निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते ती उतरवून घ्यावी. निवडणूक सम वर्षांच्या नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, हा वार राष्ट्राध्यक्ष निवडीसाठी 1845 पासून कायद्याने ठरलेला. राष्ट्राध्यक्ष निवडीच्या वर्षी मेरीलँडची 10 इलेक्टोरल मतं, 538 पैकी, आणि जिंकायला 270. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत आघाडीवरच्याला सगळी मतं जातात, म्हणून 2000 आणि 2016 मध्ये देशभरात कमी मतं मिळवणारा उमेदवार जिंकला. गव्हर्नर निवडीच्या वर्षाची मतपत्रिका त्याहून लांब. गव्हर्नर, राज्याचे कर गोळा करणारा कॉम्प्ट्रोलर, अ‍ॅटर्नी जनरल, राज्य सेनेटर, डेलिगेट, काउंटी प्रमुख, काउंटी कौन्सिल, सरकारी वकील, सर्किट कोर्टाचा क्लार्क, मृत्युपत्रांची नोंद ठेवणारा अधिकारी, वारसांच्या मालमत्तेचे न्यायाधीश, शेरिफ आणि शेवटी शाळा मंडळ. कागदाच्या दोन्ही बाजू भरतात. परतीचं विमान बाल्टिमोरच्या विमानतळावरून घेतलं तर तो इथून 40 किलोमीटरच्या आत आहे, वॉशिंग्टनला मागे फिरावं लागत नाही.